वास्तुशांतीच्या पाटावर कोण बसणार?

माघ-फाल्गुन आला की माझ्याकडे समुपदेशनाला हा प्रश्न येतोच. घर मुला-सुनेनं घेतलेलं असतं, कर्ज त्यांचं, हप्ते त्यांचे. वास्तुशांत ठरते आणि सासू-सासरे म्हणतात, "आम्ही मोठे आहोत ना अजून, मग पाटावर आम्हीच बसणार." सून म्हणते, "नाही म्हटलं तर नव्या घरात पाऊल टाकायच्या आधीच भांडण. हो म्हटलं तर जन्मभराची रुखरुख. काय करू?" याचं उत्तर एका घराची हकिकत सांगूनच देते. घर इंदूरचंच आहे. घरच्यांची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. सुनेला आपण मृणाल म्हणू.

रंगपंचमीची गेर, म्हणजे इंदूरची रंगांची मिरवणूक, होऊन दोन दिवस झाले होते. मृणाल एकटीच आली. नखांच्या कडांना अजून गुलाबी रंग होता. बसल्या बसल्या तिनं मोबाईल माझ्यापुढे केला. निमंत्रणपत्रिका होती, छापायला जायच्या आधी घरच्या ग्रुपवर टाकलेली. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून आमचे चिरंजीव अमुक यांच्या नूतन वास्तूची वास्तुशांत’ वगैरे. खाली निमंत्रक म्हणून सासऱ्यांचं आणि सासूबाईंचं नाव. तिनं दोन बोटांनी पत्रिका मोठी केली, वरून खाली सरकवली, परत वर नेली.

"शोधा ताई, मी कुठे आहे ते."

निपानियाच्या बाजूला दोन बेडरूमचा फ्लॅट. कर्जात पहिलं नाव मृणालचं, कारण पगार तिचा पक्का. नवऱ्याचं काम कमिशनवर, एखादा महिना भरलेला, एखादा कोरडा. रजिस्ट्रीही तिच्याच नावावर. आणि आता सासरे म्हणत होते, पाटावर आम्ही दोघं बसू, तुम्ही पाहुण्यांचं बघा. नवरा गप्प. तिच्या माहेरचे खांडव्याहून यायचे होते, त्यांना काय सांगायचं हेही तिला कळत नव्हतं.

मी तिला विचारलं, "वाईट वाटायला लागलं ते पत्रिकेपासून, की त्याच्या आधीपासून?"

बराच वेळ ती मोबाईलची कड अंगठ्यानं घासत राहिली. मग सांगितलं. रजिस्ट्रीच्या दिवशी सगळे बाहेर जेवायला गेले होते. आत्यांनी कौतुकानं विचारलं, "घर सुनेच्या नावावर घेतलंत?" तेव्हा नवरा हसत म्हणाला, "अगं आत्या, बाईच्या नावानं रजिस्ट्री केली की फीमध्ये सवलत मिळते, म्हणून टाकलं हिचं नाव."

सवलत खरीच आहे. मध्य प्रदेशात स्त्रीच्या नावावर घर घेतलं तर नोंदणी शुल्क कमी लागतं, आणि त्यामुळे कितीतरी बायकांचं नाव कागदावर आलं हे मला फार चांगलं वाटतं. पण तीच गोष्ट चार जणांत अशी सांगितली की बाईचे दहा वर्षांचे कष्ट पुसले जातात. मृणालला पत्रिकेत आपलं नाव दिसलं नाही, तेव्हा तिला आत्यांसमोरचं ते वाक्यच परत ऐकू आलं.

इथे माझ्याकडून एक चूक झाली. मी लगेच तोडगा काढला: दोन्ही जोडपी बसा, पाट चार मांडा. आठवड्यानं मृणाल परत आली ती आणखी कोमेजून. सासूबाई म्हणाल्या होत्या, "म्हणजे आम्ही शोभेला बसायचं?" आणि मृणाललाही अगदी तेच वाटलं होतं, फक्त ती बोलली नव्हती. मी पाट वाटून मोकळी झाले होते. त्या पाटावर कोणाला कशासाठी बसायचंय हे मी विचारलंच नव्हतं. हा प्रश्न घेऊन येणाऱ्या प्रत्येकीला मी आता हे आधी सांगते: तोडग्याची घाई करू नका. निम्मं निम्मं केलं की दोघांनाही निम्मंच मिळतं.

मग मी काकूंना, म्हणजे सासूबाईंना बोलावलं. एकटीला. काका त्यांना स्कूटरवरून सोडून खालीच थांबले. काकू नीट इस्त्रीची साडी नेसून, पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या. पहिली दहा मिनिटं रीतीभातीचीच झाली. मोठे असताना धाकट्यांनी बसू नये, आमच्यात असंच आहे, लोक विचारतील, तुम्ही तिला समजवा. मी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "काकू, तुमच्या स्वतःच्या घराची वास्तुशांत कधी झाली होती?"

त्या थांबल्या. पर्स उघडली. आतून कुंकवाची जुनी डबी काढली, तिच्यात कापूस, आणि कापसात बोटाच्या पेराएवढी एक चांदीची वस्तू, काळी पडलेली. मला आधी टाक वाटला. उजेडात धरल्यावर कळलं, वास्तुप्रतिमा होती. वास्तुशांतीत पूजा करून घराच्या आग्नेय कोपऱ्यात खड्डा घेऊन पुरतात ती.

"सराफ्यातून घेतली होती," त्या म्हणाल्या. "प्लॉटचं बयाणं दिलं त्याच दिवशी. हे म्हणाले, घर होईल तेव्हा होईल, तू प्रतिमा तर घेऊन ठेव."

बयाणं दिलं १९९०मध्ये. १९९१च्या डिसेंबरात काका कामाला होते ती कापड मिल बंद पडली. ज्यांनी इंदूरमध्ये ती वर्षं काढली आहेत त्यांना पुढचं सांगायला नको. भोंगा थांबला आणि परदेशीपुऱ्यापासून मालवा मिलपर्यंत घराघरांतल्या चुली मंदावल्या. प्लॉट हातचा गेला. काकांनी कुणाच्या गोदामात हिशेब लिहिले, काकूंनी पोळ्यांचे डबे दिले. भाड्याच्या दोन खोल्यांत संसार झाला, मुलं शिकली. मिलच्या कामगारांचे थकलेले पैसे मिळायला २०२३चा डिसेंबर उजाडला. २२४ कोटी रुपये, सुमारे ४,८०० कामगार. कितीतरी जणांच्या वतीनं वारसांनी सह्या केल्या. काका हयात होते. त्यांच्या वाट्याला आलेली सगळी रक्कम त्यांनी मुलाच्या हातात ठेवली, या फ्लॅटच्या पहिल्या भरण्यासाठी.

हे मृणालनं मला सांगितलंच नव्हतं. लपवलं असं नाही. फ्लॅटच्या किमतीत ती रक्कम लहान होती, तिच्या हिशेबात ती ‘बाबांनी थोडे दिले’ एवढीच होती. काकांच्या हिशेबात ती बत्तीस वर्षं होती.

मी काकूंना विचारलं, "प्रतिमेचं सूनबाईला ठाऊक आहे?"

"कोणत्या तोंडानं सांगू? तिच्या पैशानं घर झालंय, आणि मी म्हणू माझी मूर्ती पुरा?"

म्हणजे घर कोणाच्या पैशानं झालं हे काकूंना पक्कं ठाऊक होतं. फक्त ते मृणालसमोर कधी उच्चारलं गेलं नव्हतं. उच्चारलं तर आपल्या हातात काय उरेल, ही त्यांची भीती होती.

पुढच्या भेटीला तिघं आले. मी पाटाचा विषय काढूच दिला नाही. आधी मुलाला म्हटलं, त्या जेवणाच्या दिवशीचं वाक्य आठवतंय? तो म्हणाला, "ताई, मी चेष्टेत बोललो होतो." मी म्हटलं, चेष्टा जिथे केली तिथेच दुरुस्त करावी लागेल. बायकोची एकांतात माफी मागून भागत नाही, कारण कमीपणा चारचौघांत आला होता. तो बराच वेळ गप्प बसला. मग तिथूनच त्यानं आत्याला फोन लावला. काय बोलला ते इथे सांगत नाही, पण "आत्या, हप्ते मृणालच भरते" हे वाक्य आम्ही सगळ्यांनी ऐकलं. त्याच्या कानशिलावर घाम आला होता. तरुण नवऱ्यांना मी कळकळीनं सांगते: आई आणि बायको यांच्यात तुमचं गप्प राहणं तुम्हाला तटस्थपणा वाटतो. दोघींना मात्र वाटतं की तुम्ही समोरच्या बाजूला आहात.

काकूंनी मग स्वतःहून पर्स उघडली. मृणालनं डबी हातात घेतली, प्रतिमा तळहातावर ठेवली, पदरानं पुसायला गेली आणि थांबली. म्हणाली, "आई, पुसू का, की असंच राहू दे?"

"पूस. काळी कशाला न्यायची नव्या घरात?"

त्यानंतर पाटाचं बोलणं पाच मिनिटांत झालं. मी एवढंच सुचवलं की गुरुजींकडे सगळे मिळून जा. प्रत्येक जण वेगळा गेला की प्रत्येक जण आपल्याला हवं ते उत्तर घेऊन येतो. आणि आपल्या घरात काय चाललंय ते गुरुजींना मोकळेपणानं सांगा. त्यांनी असे शंभर संसार पाहिलेले असतात.

त्यांच्या गुरुजींचं म्हणणं असं पडलं: घर ज्यांचं त्यांनी यजमान व्हावं, संकल्प त्यांचा, प्रवेश मात्र मोठ्यांनी करावा, देव आणि कलश घेऊन. दुसरे गुरुजी दुसरं सांगतील, घराघराची रीत वेगळी असते. मृणालनं तिथे विचारलं, "घर मी घेतलंय, आणि पूजेत मी फक्त यांच्या हाताला हात लावून बसायचं?" गुरुजी रागावले नाहीत. म्हणाले, तुझ्या हाताशिवाय त्याची आहुती पुरी होत नाही, पण तुला हवं तर संकल्पात दोघांची नावं घेऊ आणि उदक दोघांच्या हातावर सोडू. मग त्यांनी संकल्पातले शब्द म्हणून दाखवले, ‘अस्माकं सकुटुंबानां सपरिवाराणां’. आपण पत्रिकेच्या तळाशी पाहुण्यांना ‘सहकुटुंब सहपरिवार या’ म्हणतो. संकल्पात गुरुजी ते घरच्यांसाठी म्हणतात. इतक्या वास्तुशांतींना जेवून आले, माझ्या हे कधी ध्यानात आलं नव्हतं.

पत्रिका काकूंनी बदलायला लावली. ‘आमची सून सौ. अमुक व चिरंजीव अमुक यांनी घेतलेल्या नूतन वास्तूची’, असा मजकूर झाला. खाली निमंत्रक काका-काकूच राहिले, आणि ते मृणालच्या सांगण्यावरून. ‘कृपया आहेर आणू नये’ हेही तिनंच घातलं. देण्याघेण्यावरून आणखी एक भांडण तिला नको होतं, आणि मला ते फार शहाणपणाचं वाटलं.

मी समारंभाला गेले नाही. येणाऱ्यांच्या घरच्या कार्याला जायचं नाही हा माझा नियम आहे. मृणालनं नंतर येऊन सांगितलं. वैशाखाचं ऊन, होमाचा धूर, लिफ्टपर्यंत चपलांचे ढीग. तिसऱ्या मजल्यावरच्या सिंधी शेजाऱ्यांनी न सांगता दोन पंखे आणून लावले. काकू देव घेऊन पुढे, काका कलश घेऊन मागे, मग नवी जोडी. शेगडीवर पहिलं दूध काकूंनी ठेवलं, उतू जाताना मृणालला जवळ ओढलं. ८१ पदांच्या, म्हणजे चौकोनांच्या, वास्तुमंडलाशी गुरुजी तास-दीड तास होते, तेवढ्यात दोन लहान मुलं झोपूनही गेली. जेवायला दाल-बाफले करायचे की मसालेभात-जिलबी-मठ्ठा, यावर घरात आठवडाभर वाद झाला होता. शेवटी दोन्ही झालं, खूप उरलं.

आग्नेय कोपरा स्वयंपाकघरात आला होता. मिस्त्रीनं तिथली एक फरशी आधीच मोकळी ठेवली होती. प्रतिमा पालथी ठेवायची असते. यजमानांच्या हातात ती होती, पण मृणालनं गुरुजींकडे पाहिलं आणि काकूंना हाक मारली. काकूंना गुडघ्यांमुळे खाली बसवेना. मुलानं एका बाजूनं धरलं, तिनं दुसऱ्या, आणि तिघांनी मिळून ती खाली ठेवली. "ताई, माझं पाटावर बसायचं स्वप्न होतं," मृणाल म्हणाली. "बसले. पण मला आठवतो तो आईंचा हात. इतका गार होता त्या उन्हात."

एक गोष्ट मात्र वेगळी काढून सांगते. घर तुमचं असताना कोणी कागद मागत असेल, नाव काढून टाक म्हणत असेल, तुम्हाला त्या घरात राहूच देत नसेल, तर तो पाटाचा प्रश्न नाही. तिथे मन सांभाळत बसू नका. वकिलाचा सल्ला घ्या, माहेरच्यांना कळवा, आणि भीती वाटत असेल तर ते आधी सांगा, आपण बाकीचं मग बघू.

या घरातही सगळं मिटलेलं नाही. काका अजून शेजाऱ्यांना "मुलाचं घर" असंच सांगतात. मृणाल कधी सोडून देते, कधी दार जरा जोरात लावते. काका आजवर माझ्याकडे आलेच नाहीत, दर वेळी खाली स्कूटरपाशी थांबतात. परवा त्यांचा स्वतःचाच फोन आला, गुरुवारची वेळ मागायला. येताना काही कागद आणायचे का, असं विचारलं. मिलचा गेटपास, पगाराच्या पावत्या, सगळं जपून ठेवलंय म्हणाले.

मी म्हटलं, आणा. सगळं आणा.