‘लोलिता’वर चर्चा घेणार आहेस तर

रत्नागिरीच्या आपल्या वाचनकट्ट्यावर पहिलीच चर्चा आणि तीही ‘लोलिता’वर! घे, जरूर घे. फक्त विषय लहान मुलीवरच्या लैंगिक अत्याचाराचा आहे, हे आठवडाभर आधी सगळ्यांना स्पष्ट कळव. ज्याला यायचं नसेल त्याला कारण विचारू नकोस.

कोणीतरी तावातावाने म्हणेल, असलं लिहावंच कशाला? त्याला गप्प करू नकोस, त्याची चीड रास्त आहे. मला जास्त घोर लागतो तो ‘शेवटी प्रेमच ना ते’ म्हणणाऱ्यांचा. नाबोकोव्हची ही कादंबरी १९५५ साली आली, तेव्हापासून कितीतरी वाचक तिच्यातल्या गोड भाषेला भुललेत. तिथे वाद घालत बसू नकोस, पुस्तक उघड. गोष्ट सांगणारा हंबर्ट, अत्याचार करणारा प्रौढ पुरुष, कैदेत बसून स्वतःची बाजू मांडतोय. डोलोरेस, म्हणजे तो जिला ‘लोलिता’ म्हणतो ती मुलगी, सुरुवातीला १२ वर्षांची आहे. तो झोपेचं सोंग घेतो तेव्हा ती रोज रात्री हुंदके देते, हे तोच ओझरतं सांगतो आणि पुढे सरकतो. ते वाक्य मोठ्याने वाच, जरा थांब. मग विचार, हिची बाजू कोण सांगतंय?

‘ही परदेशातली थेरं’ असंही कोणी म्हणेलच. त्यांना देवलांचं १८९९चं ‘शारदा’ नाटक आठवून दे. म्हातारा भुजंगनाथ, कोवळी पोर आणि पैशाला भुललेला बाप.

एखादी बाई चर्चाभर मान खाली घालून बसली, तर तिला मत विचारू नकोस गं. नंतर तिच्याजवळ जाऊन नुसती बस. बोलली तर ऐक. आणि एखाद्या लहान मुलाबद्दल काही कळलं, तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन कर.