बायबलमधल्या प्राण्यांचे अर्थ: यादीपेक्षा दानीएलचा सातवा अध्याय उघडा

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: सिंह म्हणजे अमुक, साप म्हणजे सैतान अशी खात्रीची यादी कुठे मिळेल, आणि बायबलच्या शेवटच्या पुस्तकातलं, प्रकटीकरणातलं, सात डोक्यांचं श्वापद म्हणजे आजचा कोणता देश? याद्या ढिगाने मिळतील, पण त्यांच्या भरवशावर वाचाल तर फसाल.

सिंहच घ्या. उत्पत्ति ४९ मध्ये याकोब आपल्या मुलाला, यहूदाला, सिंहाचा छावा म्हणतो. पेत्राच्या पहिल्या पत्रात मात्र सैतान गर्जणाऱ्या सिंहासारखा भक्ष्य शोधत फिरतो. प्रकटीकरण ५ मध्ये तर गंमतच आहे. ‘यहूदा वंशाचा सिंह विजयी झाला’ अशी घोषणा हे दर्शन लिहिणाऱ्या योहानाला ऐकू येते, तो बघतो तर समोर वधलेलं कोकरू, तेही सात शिंगांचं. सापाचंही तसंच. एदेन बागेतल्या सापाला उत्पत्तीत कुठेही सैतान म्हटलेलं नाही. ती जोडणी ख्रिस्ती वाचकाला स्पष्ट शब्दांत सापडते ती थेट प्रकटीकरण १२ मध्ये. मोशेने रानात खांबावर टांगलेला पितळी साप लोकांचे प्राण वाचवतो. पुढे लोक त्यालाच धूप जाळू लागले म्हणून हिज्कीया राजाने तो फोडून टाकला. तरीही योहानाच्या शुभवर्तमानात येशू स्वतःच्या उंचावल्या जाण्याची तुलना त्याच सापाशी करतो! आता यादीत सापापुढे काय लिहायचं?

श्वापदांचं प्रकरण वेगळं, कारण तिथे ग्रंथ स्वतःच उलगडा देतो. दानीएल ७ मध्ये खवळलेल्या समुद्रातून चार श्वापदं निघतात: गरुडाचे पंख असलेला सिंह, तोंडात तीन फासळ्या धरलेलं अस्वल, चार डोक्यांचा चित्ता, आणि चौथं लोखंडी दातांचं, दहा शिंगांचं, ज्याला कुठल्याच प्राण्याचं नाव दिलेलं नाही. त्याच अध्यायात सांगितलंय की ही चार राज्यं. आठव्या अध्यायात तर नावंच येतात: दोन शिंगांचा एडका म्हणजे मेदय-पारसाचे राजे, बोकड म्हणजे ग्रीसचा राजा. बहुतेक अभ्यासक चौथं श्वापद म्हणजे अलेक्झांडर आणि त्याच्या वारसांचं ग्रीक राज्य मानतात, आणि त्यावर उगवलेलं बढाईखोर लहान शिंग म्हणजे चौथा अँटिओकस, ज्याने इ.स.पू. १६७ मध्ये यरुशलेमचं मंदिर भ्रष्ट केलं. पारंपरिक यहुदी आणि ख्रिस्ती वाचनात मात्र चौथं राज्य रोम.

हा बदल कसा झाला, त्याचा पुरावाच हाती आहे. इ.स. ७० मध्ये रोमनांनी मंदिर पाडल्यानंतर लिहिलेल्या, एज्राच्या नावावरच्या एका यहुदी ग्रंथात समुद्रातून गरुड वर येतो. तिथे एज्राला सांगितलं जातं की दानीएलने पाहिलेलं चौथं राज्य ते हेच, पण दानीएलला ते असं उलगडून सांगितलं नव्हतं. म्हणजे जुनं चित्र नव्या जुलमी सत्तेला लावलंय हे लेखक उघड मान्य करतो. मला हा प्रामाणिकपणा फार आवडतो.

योहान त्याच वाटेने जातो. प्रकटीकरण १३ चं श्वापद चित्त्यासारखं, पाय अस्वलाचे, तोंड सिंहाचं, शिंगं दहा. दानीएलच्या चारही श्वापदांची डोकी मोजा: एक, एक, चार, एक. बेरीज सात! चारही साम्राज्यांचं क्रौर्य एकाच अंगात ओतलंय. सतराव्या अध्यायात ती सात डोकी म्हणजे सात डोंगर असा खुलासा येतो, आणि त्या काळच्या वाचकाला सात टेकड्यांचं शहर, म्हणजे रोम, ओळखायला वेळ लागला नसेल. श्वापदाचा आकडा ६६६, त्याचंही तसंच: ‘नेरोन केसर’ (रोमन सम्राट नेरो) हिब्रू अक्षरांत लिहून अक्षरांची मूल्यं मिळवली की हाच आकडा येतो, लॅटिन वळणाने ‘नेरो’ लिहिलं तर ‘न’चे ५० गळतात आणि उरतात ६१६, जो आकडा काही जुन्या हस्तलिखितांत खरोखर आहे. त्यामुळे आजच्या देशाचं नाव विचारणाऱ्यांना मी आधी रोमचं नाव सांगतो. रशिया, युरोपीय संघ, बारकोड, सगळं लोकांनी लावून झालंय.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटते. दानीएल ७ मध्ये चार राज्यं जनावरांच्या रूपात येतात, पण शेवटी ज्याला कायमचं राज्य मिळतं तो ‘मानवपुत्रासारखा’ कोणी ढगांवरून येतो. पहिल्या सिंहाचे पंख उपटून त्याला दोन पायांवर उभं करतात आणि माणसाचं हृदय देतात. हे वाचताना चौथा अध्याय आठवा: गर्विष्ठ नबुखद्नेस्सर राजा माणसांतून हाकलला जातो, बैलासारखं गवत खातो, आणि वर पाहिल्यावरच त्याची बुद्धी परत येते. सत्ता माजली की माणूसपण जातं, हा धागा लेखकाने पक्का धरलाय. शिंगं मोजण्यापेक्षा इथे थांबलेलं बरं.

वाचायचा क्रम विचाराल तर आधी दानीएल ४, मग ७ आणि ८, त्यानंतरच प्रकटीकरण १३ आणि १७. ईयोब ४० आणि ४१ मधले बेहेमोथ आणि लिव्याथान हे अजस्र प्राणी या रांगेत बसवू नका. तिथे राज्यांचा संबंधच नाही. देव आपली निर्मिती कौतुकाने दाखवतोय, आणि बेहेमोथ तर निवांत गवत खातो.