गोठ्याच्या सांडपाण्यासाठी टाकी बांधण्याआधी

मित्रा, टाकीला हात लावण्याआधी शेण कोरडंच उचलायची सवय लाव. शेण पाण्यात मिसळलं की पुढचा कुठलाही गाळा, म्हणजे पाणी गाळायची टाकी, चोंदतो. अर्धं काम तिथंच होतं.

धुण्याचं पाणी आधी एका खड्ड्यात निवळू दे, मग गाळ्यात सोड. गाळ्यात तळाला खडी, त्यावर तुराटीचा (तुरीच्या वाळल्या काड्यांचा) कोळसा, वर नारळाचा काथ्या. कोळसा म्हणजे राख नव्हे, हे नीट ध्यानात घे. तुराट्या उघड्यावर पेटवल्यास राखच उरते. पिंपात हवा कोंडून जाळल्या की सच्छिद्र कोळसा मिळतो. त्याच्या भोकांत जिवाणू वस्ती करतात आणि मुतातला अमोनिया त्याला धरून राहतो. म्हणून गोठ्यात फिनेल वापरलंस तर ते पाणी गाळ्यात सोडू नकोस. जिवाणू मेले की गाळा मेला.

कोळसा-काथ्या चोंदला की फेकू नको रे, कंपोस्टच्या ढिगात घाल. नत्र शेतातच राहतं.

गढूळपणा उरलाच तर शेवग्याच्या वाळलेल्या शेंगांतलं बी सोलून पांढरा गर कुटून टाक, आधी जोरात, मग हळू ढवळ. त्यातली प्रथिनं मातीचे कण एकत्र बांधून तळाला नेतात. पण ते पाणी साठवू नको, गराचा अंश कुजून वास मारतो.

शेवटी कर्दळीचा वाफा, आणि तिथून पाणी नेपियर या चाऱ्याच्या गवताला. कोथिंबीर-मेथीला मात्र देऊ नको. पाणी स्वच्छ दिसलं तरी रोगजंतू त्यात उरतात.