दिवाळीच्या सुट्टीत लहान मुलांना घरातल्याच वस्तूंनी काय करायला द्यावं?

तुम्ही लिहिलंय की मुलगी सात वर्षांची, मुलगा साडेचारचा, घर तिसऱ्या मजल्यावर, अंगण नाही आणि दुकानातून आणलेले हस्तकलेचे संच अर्ध्या तासात बाजूला पडतात. मी बालवाडीत शिकवते, त्यामुळे सहामाही परीक्षा संपल्या की हा प्रश्न पालकांकडून हमखास ऐकते. माझं उत्तर ठरलेलं आहे. रोज नवी ‘ॲक्टिव्हिटी’ शोधत बसू नका. सुट्टीभर पुरेल असं एकच मोठं काम मुलांच्या हाती द्या, बाकीचं सगळं त्यातूनच निघत जातं. आणि दिवाळीत असं काम आपल्याकडे तयारच असतं: किल्ला.

अंगण नसलं तरी किल्ला होतो. बाल्कनीचा एक कोपरा पुरे. खाली प्लास्टिकचा जाड कागद अंथरा, त्यावर जुनी परात किंवा खोक्याचा पुठ्ठा. डोंगराच्या आत माती भरायची गरज नाही. पालथे डबे, करवंट्या, वर्तमानपत्राचे बोळे, बुटांचे रिकामे खोके असं जे सापडेल ते रचा आणि त्यावर गोणपाट किंवा फाटकी चादर टाका. माती फक्त वरच्या लेपापुरती लागते, जुन्या कुंड्यांमधली चालते. ती आधी मुलाला चाळू द्या. जुनी पिठाची चाळणी, एक वाटी आणि मातीचा ढीग एवढ्यावर साडेचार वर्षांचं मूल एक अख्खी सकाळ रमतं, आणि तिथे मोठ्यांनी काही सांगावं लागत नाही. चाळलेली माती भाकरीच्या पिठाइतकी मऊ भिजवली की गोणपाटाला नीट धरते.

किल्ल्यावर गवत हवं तर अळीव पेरा. मोहरीही उगवते, पण उतारावरून ती घरंगळते. अळीव मात्र भिजवले की बुळबुळीत होतात आणि उभ्या कड्यालाही चिकटून बसतात. वसुबारसेच्या चार-पाच दिवस आधी पेरले तर बहुतेकदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मोड दिसतात आणि लक्ष्मीपूजनापर्यंत डोंगर हिरवा होतो. पाणी ओतायचं नाही, हाताने शिंपडायचं. हे काम धाकट्याचं, सकाळ-संध्याकाळ. ताईने त्यात हात घालायचा नाही असं आधीच ठरवून टाका.

मुलीला मात्र कुठला तरी खरा किल्ला निवडायला सांगा. सातव्या वर्षी मुलांना ‘खरं कसं आहे’ हे हवं असतं. 2025 साली युनेस्कोने मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यातले 11 महाराष्ट्रात आणि जिंजी तामिळनाडूत. या 12 मधून तिला एक निवडू द्या आणि त्याचे फोटो तिच्यासोबत बसून बघा. फ्लॅटमध्ये करायला सर्वांत सोपा सिंधुदुर्ग: परातीत पाणी, मध्ये बेट, बेटाभोवती वळणावळणाचा तट. त्याचं महाद्वार बुरुजांच्या आड असं लपवलंय की लांबून दिसतच नाही. हे एकदा सांगितलं की मुलं दार लपवायच्या मागे लागतात. राजगड थोडा अवघड, पण त्याची मांडणी मुलांच्या पटकन लक्षात राहते. मध्ये उंच बालेकिल्ला आणि तीन दिशांना तीन माच्या: पद्मावती, सुवेळा, संजीवनी. हे पुस्तकातून पाठ करणं वेगळं आणि चिखलाच्या हाताने तीन माच्या ओढून काढणं वेगळं.

पायथ्याशी गाव हवंच. रिकाम्या काडेपेट्यांची घरं (काड्या आधी तुम्ही काढून ठेवा), आइस्क्रीमच्या काड्यांचं कुंपण, आरशाच्या तुकड्याऐवजी चॉकलेटच्या चांदीचं तळं. धाकटा तिथे प्लास्टिकची बस आणि डायनोसॉर आणून ठेवेल. ठेवू द्या. त्यावरून ताईशी भांडण होईल, तेव्हा गडावर ताईचं राज्य आणि पायथ्याला त्याचं, अशी वाटणी करा.

मावळे विकत आणण्याऐवजी घरी करून पाहा. दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ, पाऊण वाटीच्या आसपास पाणी, चमचाभर तेल. पाणी थोडं थोडं घालत घट्ट मळा. हळदीने पिवळा, बिटाच्या रसाने गुलाबी, पालकाच्या पाण्याने हिरवा रंग येतो. हा गोळा डब्यात झाकून फ्रिजमध्ये काही दिवस टिकतो. मावळे झाले की मुलं आपणहून पणत्या, करंज्या, चकल्या, लाडू करायला लागतात, कारण स्वयंपाकघरात तेव्हा तेच चाललेलं असतं. मग फराळाचं दुकान मांडा: तागडी म्हणून हँगरला दोन वाट्या टांगा, पैसे म्हणून बटणं. मीठ इतकं असतं की पहिला घास घेताच मूल तोंड वाकडं करतं, तरी खायचा फराळ आणि खेळायचा फराळ वेगळ्या डब्यात ठेवा. पातळ वस्तू उन्हात वाळल्या की कडक होतात, जाड मात्र आतून ओल्या राहून तडकतात. म्हणून मावळे बोटाएवढेच करा.

चिकटवायला बाजारातला गोंद आणू नका, खळ करा. वाटीभर थंड पाण्यात दोन चमचे मैदा गुठळी न ठेवता कालवायचा आणि मंद आचेवर ढवळत राहायचं. पारदर्शक झाली की उतरवा. पूर्वी खळीला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालत. तो विषारी असतो, मुलांच्या खळीत अजिबात नको. या खळीने जुन्या लग्नपत्रिकांचे कंदील करता येतात. पत्रिका मधोमध दुमडून घडीच्या बाजूने कापे द्यायचे, काठापर्यंत न नेता, मग उलगडून नळी करायची. कापे ताई देईल, खालच्या झिरमिळ्या धाकटा चिकटवेल. वाकड्या लागल्या तरी रात्री उठून सरळ करू नका, मुलांना ते सकाळी लगेच कळतं. आत मेणबत्ती नको.

माझ्या वर्गात सर्वांत जास्त आरडाओरडा होतो तो हळदीच्या कागदावर. पाव वाटी पाण्यात चमचाभर हळद कालवून पांढऱ्या कागदाला फासा, वाळू द्या. दुसऱ्या वाटीत खाण्याचा सोडा पाण्यात विरघळवा, काडीला कापूस गुंडाळून त्यात बुडवा आणि पिवळ्या कागदावर लिहा. अक्षर लालसर उमटतं! वर लिंबाचा रस लावला की पुन्हा पिवळं. हळद आम्लात पिवळी राहते, अल्कात लाल होते. पारंपरिक कुंकू हळदीपासून करतात ते याच गुणामुळे. आजी-आजोबांना पाठवायची शुभेच्छापत्रं अशी करून बघा. पानात घालायचा चुना वापरलात तर रंग गडद येतो, पण तो डोळ्यात गेला तर फार इजा करतो, म्हणून सोडाच वापरा. कपडे मात्र जुने घाला, हळदीचा डाग जात नाही.

एका गोष्टीबद्दल मी प्रत्येक पालकाला सांगते. बाजारात मिळणाऱ्या बॅटरीच्या पणत्यांमध्ये अनेकदा बटणासारखी चपटी बॅटरी असते. ती गिळली गेली तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. शंका आली तरी उलटी करवू नका, वाट बघू नका, थेट रुग्णालय गाठा. मुलांच्या कामात अशी पणती घ्यायचीच नाही. आणि घरी तीन वर्षांखालचं पाहुणं मूल येणार असेल तर चिंचोके, मणी, वाटाणे वर ठेवून द्या.

चिंचोक्यांवरून आठवलं, दुपारच्या उन्हात बाहेर जाता येत नाही तेव्हा खेळायला त्यांच्याइतकं स्वस्त काही नाही. धाकट्यासाठी आधी एकी-बेकी: मुठीत चिंचोके घ्यायचे, समोरच्याने एकी की बेकी ते ओळखायचं, मग जोड्या लावून बघायचं. मोजता न येणाऱ्या मुलालाही सम-विषम असं हातातून कळतं. मग फुंकायचा खेळ: ढिगावर फुंकर मारायची आणि बाजूला उडालेला चिंचोका दुसऱ्याला न हलवता उचलायचा. मुलीला चल्लस-आठ शिकवा. चार चिंचोके खरखरीत दगडावर एका बाजूने पांढरे होईपर्यंत घासा, हे झाले फासे. फरशीवर खडूने पाच बाय पाच घरं आखा, चारही कडांच्या मधल्या घरांवर आणि मध्यावर फुली. जेवढे पांढरे वर तेवढी घरं, चारही पांढरे पडले तर चार, चारही काळे पडले तर आठ. बाहेरची फेरी पुरी करून आतल्या फेरीत, तिथून मध्यावर. फुलीवरची सोंगटी मारता येत नाही. बाकीचे नियम घरोघरी थोडे वेगळे असतात, तुमच्या आईला किंवा सासूबाईंना विचारा, त्यांचे नियम ठेवा. धाकटा खेळायला बसला तर त्याला दोनच सोंगट्या द्या आणि त्याची मारलेली सोंगटी घरी न पाठवता दोन घरं मागे घ्या, म्हणजे तो डाव मोडून उठणार नाही.