एलएनची समीकरणं: खोडण्याआधी कंस बघ

एलएन (ln) म्हणजे ई (साधारण २.७१८) या पायाचा लॉग, आणि तो फक्त धन संख्येचाच निघतो. म्हणून आकडेमोडीला हात लावण्याआधी प्रत्येक एलएनच्या कंसातली राशी शून्यापेक्षा मोठी कधी असते, ते समासात लिहून ठेव. एलएन क्ष + एलएन (क्ष − ३) = एलएन १० घे. इथे क्ष > ३ हवा. लॉगची बेरीज म्हणजे आतल्यांचा गुणाकार, म्हणून क्ष(क्ष − ३) = १०; उत्तरं ५ आणि −२. त्यातलं −२ कटाप, कारण मूळ समीकरणात एलएन (−२) येतो.

पण ऋण दिसलं की डोळे झाकून खोडायचं नाही. एलएन (१ − क्ष) = २ मध्ये क्ष = १ − ई², म्हणजे सुमारे −६.३९. ते चालतं, कारण कंसात ७.३९ उरतात. उलट एलएन (क्ष²) = ४ चं घाईघाईत २ एलएन क्ष केलंस, तर −ई² हे खरं उत्तर हातचं जातं.

अज्ञात घातांकात असेल तर दोन्ही बाजूंचा एलएन घे. समज, सांगलीतल्या एखाद्या पतसंस्थेत दरसाल ८ टक्के चक्रवाढ व्याज आहे. ठेव दुप्पट कधी होईल? एलएन २ ÷ एलएन १.०८ = ०.६९३१ ÷ ०.०७७०, साधारण ९ वर्षं. या भागाकारात वर-खाली दोन्हीकडे कॅल्क्युलेटरचं लॉगचं (पाया १०) बटण दाबलंस तरी उत्तर तेच येतं. एकीकडे लॉग आणि दुसरीकडे एलएन दाबलं की घोळ झालाच.