प्रमाणपत्रासाठी एकच धरण धर

चि. स,
अनेक आशीर्वाद.

अर्थशास्त्राच्या पदवीला जोडून 'विकसनशील जगाचा अभ्यास' या विषयाचं प्रमाणपत्र घ्यायचं ठरवलंस, बरं केलंस. कॉलेजची यादी पाहिली. इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र, सार्वजनिक आरोग्य... प्रत्येक विभागाचा एकेक पेपर. अशा यादीत मुलं क्रेडिट भरत जातात आणि शेवटी दहा देशांबद्दल थोडंथोडं ऐकलेलं तेवढं हाती उरतं. तू आत्ताच एक ठिकाण धर आणि जमेल त्या प्रत्येक पेपरचा निबंध त्याच्यावर लिही.

मी सुचवतो घानाचं अकोसोम्बो धरण, व्होल्टा नदीवरचं. १९५७ साली देश स्वतंत्र झाला. देशाचे पहिले नेते क्वामे एन्क्रुमा यांना कारखाने हवे होते, कारखान्यांना वीज. जानेवारी १९६६ मध्ये धरणाचं उद्घाटन झालं आणि पुढच्याच महिन्यात लष्कराने त्यांना सत्तेवरून हटवलं. इतिहास आणि राज्यशास्त्र तिथेच भेटतात. अर्थशास्त्रासाठी वीज कुठे गेली ते बघ. मोठा वाटा टेमा शहरातल्या ॲल्युमिनियम कारखान्याला, अमेरिकन कंपन्यांच्या, तोही स्वस्तात. घानात बॉक्साइट, म्हणजे ॲल्युमिनियमचं खनिज, असूनही कारखाना त्यापासून बनणारी ॲल्युमिनाची पूड कच्चा माल म्हणून बाहेरून आणायचा. करार हाती लागला तर विजेचा दर, मुदत आणि दर बदलायचा अधिकार कुणाला, एवढं आधी वाच. बाकीचं नंतर.

आरोग्याच्या पेपरला धरणामागच्या तलावाचा काठ पुरेल. साचलेल्या पाण्यात पाणवनस्पती माजल्या, त्यांच्या आसऱ्याने गोगलगायी वाढल्या, त्यांच्यामार्फत बिल्हार्झिया हा परजीवी कृमींचा रोग पसरला. पाण्यात डुंबणाऱ्या पोरांच्या लघवीतून रक्त जायला लागलं. सुमारे ८०,००० माणसं उठवून ५२ नव्या वस्त्यांत बसवली होती.

तुझं आजोळ कोयनेच्या बुडीतातलं. पर्यायी जमीन, धरणग्रस्ताचा दाखला, तालुक्याच्या खेपा हे ऐकतच तू मोठी झालीस. म्हणूनच कोयनेपासून सुरुवात करू नकोस. तिथे तुझं मत आधीच ठरलंय, घानात पुरावा शोधावा लागेल. शेवटच्या प्रबंधात मात्र दोन्ही धरणं शेजारी मांड. कुणाची जमीन, कुणाला वीज, आणि पुनर्वसनाची जबाबदारी कागदावर कुणाची होती.

संख्याशास्त्र यादीत ऐच्छिक आहे, ते घेच. जून २०२५ मध्ये जागतिक बँकेने अतिदारिद्र्याची रेषा दिवसाला २.१५ डॉलरवरून ३ डॉलरवर नेली. कुणाच्याही ताटातली भाकरी कमी न होता जगातले गरीब वाढले. असा आकडा सोडवून सांगता येत नसेल, तर या विषयावर नुसत्या गप्पाच होतात.

उन्हाळ्यातल्या त्या पंधरा दिवसांच्या 'सेवा-सहली'ला पैसे घालवू नकोस. शाळेच्या भिंती रंगवायला तिथे माणसं आहेत. त्यापेक्षा कॉलेजातल्या घानाच्या मुलामुलींशी ओळख काढ. आणि नुसत्या प्रमाणपत्रावर नोकरी मिळत नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो. मुलाखतीला जाताना प्रबंध सोबत ने.

ग्रंथपालांना याच आठवड्यात गाठ. साठच्या दशकातले पुनर्वसनाचे अहवाल दुसऱ्या ग्रंथालयातून मागवावे लागतील, त्याला वेळ जातो. कोयनेचं इकडे मी बघतो. मामाला फोन करून विचार, आजोबांच्या नावचे जमिनीचे जुने कागद अजून घरात आहेत का.

तुझा,
सर