वाचकांचे प्रश्न : सिटीच्या पिढ्या नेमक्या किती?

प्रश्न : सध्या विकली जाणारी होंडा सिटी ही पाचव्या पिढीची आहे, असे आम्हाला शोरूममध्ये सांगण्यात आले. बँकॉकला नोकरी करणारा माझा मेहुणा मात्र तिला सातवी पिढी म्हणतो. यात खरे कोणाचे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : दोघांचेही खरे आहे, कारण दोघांनी मोजायला सुरुवात वेगवेगळ्या ठिकाणाहून केली आहे. भारतातली मोजणी जानेवारी 1998 पासून सुरू होते. होंडा आणि सिद्धार्थ श्रीराम यांच्या उद्योगसमूहाने मिळून स्थापन केलेल्या कंपनीच्या ग्रेटर नोएडा येथील कारखान्यातून तेव्हा पहिली सिटी बाहेर पडली. ती, 2003 ची, 2008 ची, 2014 ची आणि 2020 ची, अशा आपल्याकडच्या पाच पिढ्या होतात.

जपानमध्ये मात्र हे नाव 1981 सालचे आहे आणि तेव्हाची सिटी सेडान नव्हतीच. जेमतेम 3.38 मीटर लांबीची, मागे डिकीचा डबा नसलेली, उंच बांध्याची ती गाडी ‘टॉल बॉय’ म्हणून ओळखली जाई. तिच्या मागच्या जागेत घडी घालून ठेवता येईल अशी मोटोकॉम्पो नावाची छोटी स्कूटरही कंपनीने तिच्याबरोबर बाजारात आणली होती. गाडी लांब उभी करावी आणि उरलेल्या गल्लीबोळांतून स्कूटरवर जावे, ही त्यामागची कल्पना. (पार्किंगच्या जागेसाठी तीन फेऱ्या मारणाऱ्या आजच्या पुणेकराला ती चाळीस वर्षांनंतरही पटावी.) 1986 साली या छोट्या गाडीची दुसरी आवृत्ती आली, 1994 मध्ये तीही थांबली आणि सिटी हे नाव काही काळ रिकामे राहिले. आग्नेय आशियातील कुटुंबांसाठी परवडणारी सेडान काढायचे ठरल्यावर 1996 मध्ये थायलंडमध्ये तेच नाव एका अगदी वेगळ्या गाडीला देण्यात आले. आपल्याकडे दोन वर्षांनी आली ती हीच. जपानच्या त्या दोन लहान गाड्या धरल्या की पाचाचे सात होतात.

आमचे मत विचाराल तर आपल्या मेहुण्यांची मोजणी नावाची आहे आणि शोरूमची मोजणी गाडीची आहे. सेडान म्हणून जिचा विचार करायचा, तिच्या वंशावळीत ‘टॉल बॉय’ला पूर्वज मानण्याचे कारण नाही. मात्र एक गंमत सांगायला हवी. युरोपात सिटी या नावावर ओपेलचा हक्क असल्याने ती छोटी गाडी तिथे ‘जॅझ’ नावाने विकली गेली. पुढे 2001 मध्ये होंडाने नवी छोटी गाडी काढली, तिलाही युरोपात जॅझ हेच नाव मिळाले, आणि आपल्याकडची 2003 ची सिटी बेतली गेली ती या नव्या जॅझच्याच सांगाड्यावर.

प्रश्न : वडिलांकडे 2001 सालची व्हीटेक सिटी होती आणि ते तिचे नाव अजून काढतात. मला ओळखीत 2006 ची झेडएक्स मिळते आहे, पण ‘त्या गाडीत जीव नाही’ असे म्हणून ते नको म्हणतात. इतके चांगले इंजिन असताना कंपनीने ते का काढून टाकले? आणि मी ही गाडी घ्यावी का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : वडिलांचा राग समजण्यासारखा आहे. 1998 ची सिटी बसकी, लांब नाकाची होती आणि 2000 साली आलेल्या तिच्या व्हीटेक इंजिनाची ताकद 106 अश्वशक्ती होती. इंजिनाचे फेरे वाढले की झडपा अधिक उघडणारा कॅम कामाला लागे आणि गाडीचा आवाजच बदले. ज्याने तो एकदा ऐकला, त्याला 2003 च्या नव्या सिटीतले 77 अश्वशक्तीचे इंजिन मिळमिळीत वाटले तर नवल नाही. बाह्यरूपही आखूड बॉनेटचे आणि उंच छपराचे होते. जुन्या चाहत्यांनी तेव्हा बरीच नावे ठेवली.

तरीही सिटी आज जी गाडी आहे, ती या नावडत्या पिढीने घडवली असे आमचे मत आहे. पेट्रोलची टाकी मागच्या बाकाखालून काढून पुढच्या आसनांच्या खाली नेल्यामुळे बाहेरून फारशी न वाढलेल्या गाडीत आत पाय पसरायला जागा झाली. इंजिनही आळशी नव्हते, त्याचे उद्दिष्ट वेगळे होते. त्यात प्रत्येक सिलिंडरला चारऐवजी दोनच झडपा ठेवून मोकळ्या झालेल्या जागेत दोन स्पार्क प्लग बसवले होते. कमी फेऱ्यांवर आधी एक आणि क्षणभराने दुसरा प्लग ठिणगी टाकतो, त्यामुळे पेट्रोल-हवेचे मिश्रण लवकर आणि पुरते जळते आणि लिटरमागे अंतर वाढते. घरातील चौघांना घेऊन रोज शहरात फिरणाऱ्याला 106 अश्वशक्तीपेक्षा याचा उपयोग अधिक होता. ताकद हवी असणाऱ्यांसाठी याच बांध्यात पुढे व्हीटेक इंजिनही मिळू लागले, आणि झेडएक्स हे 2005 च्या रूपबदलानंतरचे नाव आहे.

तेव्हा आपल्याला मिळणारी झेडएक्स कोणत्या इंजिनाची आहे, हे आधी पाहावे. दोन प्लगवाले इंजिन असेल तर गाडी घेण्यापूर्वी ओळखीच्या मेकॅनिककडून आठही प्लग काढून बघावेत. पुढचे चार सहज निघतात. मागचे चार काचेच्या बाजूला आत दडलेले असल्याने तिथे हात नीट पोचत नाही आणि पुष्कळदा सर्व्हिसिंगमध्ये पुढचेच बदलले जातात. पुढचे प्लग नवे आणि मागचे काळवंडलेले दिसले, तर त्या गाडीची देखभाल कशी झाली असेल याचा अंदाज आपल्याला तिथेच येईल. शिवाय गाडीला पंधरा वर्षे उलटून गेलेली असल्याने आरटीओतील नोंदणीचे नूतनीकरण झाले आहे का आणि पर्यावरण कर भरला आहे का, ते नोंदणीपत्रावरून तपासावे. हे सर्व ठीक असेल तर गाडी खुशाल घ्यावी. वडिलांना पहिल्या दिवशी मागे बसवावे, पुढे नको.

प्रश्न : सिटीचे डिझेल इंजिन इतके चांगले मायलेज देत असताना बंद का झाले? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : ते आले उशिरा. जून 2010 मध्ये पेट्रोलचे दर सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले, डिझेलचे झाले नाहीत, आणि दोहोंतील फरक वाढत गेल्याने ग्राहक डिझेलकडे वळला. त्या काळात सिटीकडे फक्त पेट्रोल इंजिन होते आणि प्रतिस्पर्धी गाड्यांनी त्याचा पुरेपूर फायदा घेतला. जानेवारी 2014 मध्ये दीड लिटरचे डिझेल इंजिन घेऊन नवी सिटी आली खरी, पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डिझेलचेही दर मुक्त झाले आणि फरक हळूहळू आटत गेला. 2020 च्या नव्या पिढीत हे इंजिन बीएस-6 या प्रदूषणाच्या नियमांत बसवून ठेवले होते. एप्रिल 2023 पासून प्रदूषणाची मोजणी प्रयोगशाळेबरोबर प्रत्यक्ष रस्त्यावरही करण्याचा नियम लागू झाला, त्यासाठी पुन्हा खर्च करणे कंपनीला परवडणारे नव्हते आणि डिझेल सिटी थांबली.

मायलेज हाच आपला निकष असेल तर मे 2022 मध्ये आलेली हायब्रिड सिटी पाहावी. ती आली तेव्हा कंपनीने सांगितलेला तिचा आकडा लिटरला 26.5 किलोमीटर होता. शहरात तिची चाके बहुतेक वेळ विजेच्या मोटारीवर फिरतात आणि पेट्रोल इंजिन त्यासाठी वीज तयार करते. महामार्गावर इंजिन थेट चाकांना जोडले जाते. फक्त बॅटरी मागे बसवल्याने डिकी 506 लिटरवरून 306 लिटरवर आली आहे. गणपतीला सहकुटुंब गावी जाणाऱ्याने घरातल्या दोन मोठ्या बॅगा शोरूममध्ये नेऊन त्या डिकीत बसवून बघाव्यात.